भाजी संपते, पोळी उरते

माझी शुगर निघाली त्या संध्याकाळी आमच्या घरातला साखरेचा डबा ओट्यावरून वरच्या फळीवर गेला. चिखलीहून आणलेला लॅबचा कागद मी चष्मा लावून चार वेळा वाचला होता. उपाशीपोटी १८८, जेवल्यावर २९०, आणि मागच्या तीन महिन्यांचा हिशेब सांगणारी ती एचबीएवनसी ८.९. उपाशीपोटी १२६ आणि एचबीएवनसी ६.५ झाली की मधुमेह धरतात, एवढं तोवर मला समजलं होतं. मी खाटेवर बसलो आणि घर कामाला लागलं. मायनं दुसऱ्या दिवसापासून स्वतःचा चहा बिनसाखरेचा केला, का तर लेकाला एकट्याला तसा प्यावा लागू नये. वहिनीनं कारल्याचा रस पाठवला, शेजारच्या काकांनी जांभळाच्या बियांची पूड पुडीत बांधून आणली. बायकोनं पथ्याचा कागद पिठाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवला. रात्रीचा भात बंद झाला. तीन पोळ्यांच्या जागी एक भाकरी आली, मुगाचं घट्ट वरण आलं, जेवणाआधी काकडी-मुळा आला. सहा महिन्यांत आकडा सातच्या आत. मग मी चारचौघांत छाती पुढे काढून सांगू लागलो, शुगर ताब्यात ठेवणं काही अवघड नाही, फक्त मनावर घ्यावं लागतं.

कोणाच्या मनावर, ते सांगत नसे.

चार वर्षांनी हिची निघाली. ९.४. त्या संध्याकाळी घरात काय झालं ते मला नीट आठवतं, कारण काहीच झालं नाही. दुसऱ्या दिवशी एकादशी होती, साबुदाणा भिजत घातलेला होता. कागद तिनं स्वतःच घडी करून कालनिर्णयच्या मागे खोचला. माझ्या वेळी डॉक्टर तिला म्हणाले होते, "वहिनी, आता यांचं सगळं तुमच्या हातात." तिच्या वेळी मी त्याच खुर्चीवर, त्याच टेबलासमोर बसलो होतो, मला ते काहीच म्हणाले नाहीत. तिला म्हणाले, "ताई, तोंडावर ताबा ठेवा." पथ्याचा छापील कागद दोन्ही वेळा तिच्याच हातात पडला. आणि मला, चार वर्षं दुसऱ्याच्या हातचं पथ्य जेवलेल्या माणसाला, त्यात काही वावगं वाटलं नाही. गाडीवर बसताना मी तिला म्हटलं, "तुला तर सगळं माहीतच आहे आता, वेगळं काय शिकायचं?"

हे मी कबुलीजबाब म्हणून लिहितो आहे, पण माझ्या एकट्याचा नाही. आमच्या बुलढाणा जिल्ह्यात घाटावर मेहकर-चिखली घ्या, घाटाखाली खामगाव-मलकापूर घ्या, मला दिसतात ती घरं अशीच आहेत. नवऱ्याची शुगर निघाली तर तो घराचा आजार असतो. बायकोची निघाली तर तो तिचा दोष असतो: गोड खात असेल, वजन वाढवलं, चालत नाही. नवरा 'पेशंट' होतो, बायको 'खादाड' होते.

पण ती खादाड कशावर झाली, हे कधी पातेल्यात डोकावून पाहिलंय? मी पाहिलं, फार उशिरा. रात्रीचा भात बंद झाला तो माझा. पोरांना भात लागतोच, म्हणून पातेलं तेच राहिलं आणि तांदळाचं मापही तेच. माझ्या वाटचा भात रोज उरू लागला. अन्न टाकू नये हे तिला तिच्या आईनं शिकवलेलं, मला माझ्या आईनं शिकवलेलं नव्हतं. चार वर्षं माझ्या पथ्याचा उरलेला भात हिनं खाल्ला. शुगर अंगात यायला वय लागतं, अनुवंश लागतो, हालचाल कमी व्हावी लागते, हे मला कळतं. तेवढ्या भातानंच झालं असा हिशेब मी मांडत नाही. पण तिच्या आजारात माझ्या पथ्याची एक मूठ आहे, एवढं मला आता दिसतं, आणि ते दिसल्यावर जेवण गोड लागत नाही.

आपल्याकडचा वाढण्याचा क्रम आठवा. आधी बाप्ये, मग पोरं, मग म्हातारी माणसं, आणि सगळ्यांचं झालं की जिनं रांधलं ती. या क्रमात काय आधी संपतं? भाजी संपते. वरण संपतं, नाहीतर त्यात पाणी ओतून ते पुढे रेटलं जातं. दह्याची वाटी संपते. कोशिंबीर तर पहिल्याच वाढीला संपते. उरतं काय? पोळी उरते. भात उरतो. सकाळची शिळी भाकरी उरते. ती बसते तेव्हा कढईच्या तळाला लागलेला चमचाभर मसाला असतो. तो पुसून घेत, ठेच्यावर तेल टाकून, ती तीन पोळ्या आणि भाताचा गोळा संपवते. दुसऱ्या दिवशी सकाळी फोडणीची पोळी, तीही तिचीच, कारण पोरांना पोहे लागतात. तिच्या ताटात पिष्टाचा ढीग आपल्या पंगतीनं रचलेला असतो, त्यात तिच्या जिभेचा काय संबंध?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मोठ्या पाहणीनं २०२३ साली सांगितलं की देशात १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे, म्हणजे मोठ्या माणसांत शंभरात अकराहून जास्त. त्याच पाहणीतल्या आहाराच्या नोंदींवरून पुढे निघालं की आपल्या जेवणातली सुमारे ६२ टक्के ऊर्जा पिष्टमय पदार्थांतून येते. ही सरासरी सगळ्या पंगतीची मिळून आहे. पहिल्या ताटाची वेगळी आणि शेवटच्या ताटाची वेगळी काढली तर काय दिसेल, याची कल्पना करायला संशोधक लागत नाही. स्वयंपाकघराच्या दारात रात्री साडेनऊला उभं राहिलं तरी पुरतं.

बाईला एक माप आणि बाप्याला दुसरं का, हा सवाल आमच्याकडे जुनाच आहे. याच बुलढाण्यात १८५० साली एक मुलगी जन्मली होती, तिचं नाव ताराबाई शिंदे. बाप बापूजी हरी शिंदे सरकारी कचेरीत कारकून, सत्यशोधक समाजाचा माणूस. त्यानं लेकीला लिहायला-वाचायला शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेवर बालहत्येचा खटला चालला, आणि वर्तमानपत्रांनी तिच्या आडून साऱ्या बायकांच्या नीतीवर तोंडसुख घेतलं, तेव्हा ही बुलढाण्याची बाई संतापून उठली. १८८२ मध्ये तिनं पुण्यात 'स्त्री-पुरुष तुलना' छापून घेतलं. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. तिचा सवाल साधा होता: जे दुर्गुण तुम्ही बाईच्या नावावर लिहिता, ते पुरुषात नाहीत का, आणि असले तर शिक्षा एकालाच का? लोकांनी तिची इतकी छी-थू केली की जोतीराव फुल्यांना तिच्या बाजूनं लेखणी उचलावी लागली. त्यानंतर तिनं पुस्तक लिहिल्याची नोंद नाही. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा छापलं तोवर १९७५ साल उजाडलं होतं.

आम्ही ताराबाईंचा अभिमान बाळगतो. जयंती-पुण्यतिथीला भाषणं ठोकतो. मीही दोनदा ठोकली आहेत. पण तिची ती तुलना ताटापाशी आणून ठेवायची आमची तयारी नाही. तिची तागडी घ्या. एका पारड्यात नवऱ्याचं शुगरचं ताट ठेवा, दुसऱ्यात बायकोचं. मग बोला.

आजारांच्या बातम्यांतही तागडी तीच. आमच्याच शेगाव तालुक्यात २०२४ च्या डिसेंबरअखेर माणसांचे केस गळू लागले. बोंडगाव, कालवड, हिंगणा ही नावं देशभर गाजली. दिल्लीहून पथकं आली, पाण्याचे नमुने गेले, डॉ. हिंमतराव बावस्करांनी रेशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. गव्हाची तेवढी चर्चा आमच्या जिल्ह्यात त्याआधी कधी झाली नव्हती. झाली हे बरंच झालं. पण टक्कल पडलं की कॅमेरे येतात, पाय बधिर झाला की कोणी येत नाही. जखम भरत नाही म्हणून बोट कापावं लागलेली बाई बातमी होत नाही, कारण तिचं दुखणं एका रात्रीत आलेलं नसतं. ते दररोज एका पोळीनं आलेलं असतं.

रेशनचा विषय निघालाच आहे तर तोही बोलून टाकू. प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो धान्य मिळतं, ते बहुतेक गहू आणि तांदूळ. २०२३ पासून तेही फुकट. पोट भरतं, त्याबद्दल कोणी नाक मुरडू नये. पण डाळ विकत, तेल विकत, भाजी विकत. ज्या घरात पैसा कमी तिथे ताटात फुकटचं जास्त आणि विकतचं कमी हे ओघानंच आलं. सोयाबीन सोंगायला किंवा कापूस वेचायला जाणारी बाई फडक्यात तीन भाकरी आणि ठेचा बांधून नेते. तिला 'अर्धं ताट भाजीनं भरा' असं सांगणाऱ्यानं आधी बाजारात मेथीचा भाव विचारावा. आणि आमचं शहाणपण पाहा: जिल्हाभर सोयाबीन पिकतं. त्याचं तेल निघतं, प्रथिनांनी भरलेली पेंड कोंबड्यांच्या खाद्यात जाते, आणि पिकवणारीच्या ताटात पोळीवर पोळी. तूर विकायची, मूग विकायचा, हरभरा विकायचा, आणि घरच्या वरणात पाणी घालायचं. बांधावरची घोळ, तांदुळजा, तरोटा उपटून फेकायचा, कारण रानभाजी खाणं म्हणजे गरिबी दिसते.

मधल्या काळात एक नवीन फॅशन निघाली आहे. ज्वारी. ज्यांच्या आज्यांनी ज्वारी सोडून गव्हाची पोळी आली तेव्हा घर सुधारलं म्हणून आनंद केला, त्यांची नातवंडं आता दुकानातून गव्हापेक्षा महाग ज्वारी आणतात आणि शुगरवर उतारा म्हणून खातात. ज्वारी चांगलीच. पण शंभर ग्रॅम पिठात पिष्ट ज्वारीत आणि गव्हात जवळपास सारखंच, पासष्ट-अडुसष्ट ग्रॅमच्या घरात. वर सांगितलेल्या आहाराच्या अभ्यासातही हेच निघालं की नुसतं धान्य बदलून, एकूण पिष्ट तेवढंच ठेवून, धोका कमी होत नाही. चार पोळ्यांच्या जागी चार भाकरी खाल्ल्या तर फक्त थापणारीचा हात दुखतो. भाकरी एक करा आणि सुटलेल्या जागी उसळ, वरण, अंडं, भाजी, ताक येऊ द्या, तेव्हा काही होतं. ही गोष्ट पुरुषाच्या ताटात करायला आम्हाला जमली. बाईच्या ताटात करायची तर तिच्यासाठी भाजी उरवावी लागते, आणि भाजी उरवायची म्हणजे दुसऱ्या वाढीला बाप्यानं हात आखडता घ्यावा लागतो. घोडं तिथे अडतं.

आता आग्रहाकडे येतो. गाडगेबाबा शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले. लेकीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून त्यांनी भावकीला गोडाचं जेवण घातलं, ही गोष्ट आपण शाळेत वाचलेली. त्या काळी गोड हे सुधारणेचं अन्न होतं. कर्ज काढून दारू पाजण्यापेक्षा बुंदी बरी. शंभर वर्षांनी आपण त्या सुधारणेतली सुधारणा टाकून दिली आणि बुंदी तेवढी धरून ठेवली. लग्नाला गोड, वास्तूला गोड, तेरवीलासुद्धा गोड. माणूस शुगरनं गेला तरी त्याच्या तेरवीला बुंदी वाढतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. वाढपी ताटापाशी येतो आणि म्हणतो, "घ्या भाऊ, एक्यानं काई होत नाई." मी हात आडवा धरून 'शुगर आहे' म्हणालो की तो मानानं पुढे सरकतो, आमच्यात आता शुगर असणं हा एक प्रतिष्ठेचा बिल्ला आहे. हेच बायकांच्या पंगतीत सून म्हणू पाहते तेव्हा वाढणारी मावशी म्हणते, "मोठे नखरे गं तुझे," आणि तिच्या पोळीवर तूप-गुळाचा गोळा ठेवून जाते. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एका दुपारी सात घरं होतात, सात घरी सात चहा, सात वेळा तिळगूळ. नाही म्हटलं तर घराण्याचा अपमान. तिच्या रक्ताचं काय, ते अपमान सहन करून घेतं.

आणि उपास. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, नवरात्राचे नऊ. नवऱ्याच्या आयुष्यासाठी हरतालिका. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ पिष्ट आहे, त्याची वाटीभर खिचडी म्हणजे शुगरला आमंत्रण. आणि शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की पोटात अन्न असो नसो, त्या साखर खाली ओढतच राहतात. म्हणजे उपास धरला तरी मार, सोडला तरी मार. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी महालक्ष्म्या बसलेल्या होत्या. सोळा भाज्या, पुरण, कढी, आंबील, सगळा रांधा हिच्या एकटीवर. सकाळची गोळी तिनं नियमानं घेतलेली, कारण पथ्याच्या कागदावर तसं लिहिलेलं. पोटात तीन वाजेपर्यंत पाण्याखेरीज काही नाही, कारण नैवेद्य व्हायचा होता. पुरण वाटता वाटता तिला दरदरून घाम फुटला, हात थरथरू लागले, बोलणं अडखळलं. माय देवघराकडे पाहून म्हणाली, "कडक सोवळं हाय पोरीचं." पाहुण्यांतल्या दोघी-तिघींनी हात जोडले. धाकट्या पोराला बारावीच्या पुस्तकातलं काहीतरी आठवलं, तो ओरडला, "साखर द्या आधी!" आणि साखरेचा डबा वरच्या फळीवर होता, माझ्यासाठी ठेवलेला. पोरानं स्टूल शोधेपर्यंतचे ते क्षण मी दारात उभा राहून मोजले. तिच्यापुढेच पुरणाचं पातेलं होतं, त्यातला एक घास तिच्या तोंडात घालायची छाती माझी झाली नाही, नैवेद्य उष्टा होईल म्हणून. मी भाषणं करणारा माणूस. हे लिहून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी मला व्यासपीठावर बोलावणाऱ्यांना माहीत असावं.

लग्नाच्या बाजारात तर ही तागडी उघडीच असते. मुलाला शुगर असली तर बायोडाटात नसते, पण बैठकीत कोणीतरी सांगतं, "गोळी चालू आहे, बाकी काही नाही," आणि सोयरीक होते. उलट रांधणारी हवीच म्हणून लवकर होते. मुलीला असली तर आई-बाप तिचं इन्सुलिन कपाटात दडवतात, आणि लग्नानंतर ती ते न्हाणीघरात कडी लावून टोचते. एका जागी समजूतदार सासू मिळाली, तिथे तिनं सुनेच्या डब्याला वेगळी पोळी दिली, असंही पाहिलं; अशी घरं आहेत. पण त्या घरांचं कौतुक गावभर होतं, यावरूनच ती किती थोडी आहेत ते कळतं.

धर्मावर मी रागावलेलो नाही. हिवरा आश्रमाच्या विवेकानंद जन्मोत्सवात ट्रॅक्टरमधून पुरी आणि वांग्याची भाजी वाढतात, लाखाची पंगत एकाच वेळी बसते, आणि बाई-बाप्या एकाच वेळी जेवतात. वांग्याची भाजी तिथे शेवटच्या माणसालाही मिळते. लाख माणसांना जे जमतं ते सहा माणसांच्या घरात का जमू नये, याचं उत्तर मी मला विचारलं तेव्हा माझ्याकडे नव्हतं.

आता आमच्याकडे सगळे एकदम बसतो. तांदळाचं माप अर्ध्यावर आणलं. पहिले आठ दिवस पोरं कुरकुरली, मग विसरली. भाजी दुप्पट होते आणि आधी हिच्या ताटात वाढली जाते, मी वाढतो. उरलेलं अन्न संपवायची पाळी आठवडाभर वाटून दिली आहे. माझ्या वारी शिळी भाकरी माझी. जेवणाआधी मुळ्याच्या पाल्याचा किंवा हरभऱ्याच्या कोवळ्या पानांचा घोळाणा, जो मिळेल तो. उपास तिनं कमी केले नाहीत, त्यावर आमचं भांडण अजून चालू आहे; पण गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलून घेतली, आणि साखरेचा डबा खाली ओट्यावर परत आणला. तिचा आकडा ७.८ वर आला आहे. माझा मात्र थोडा वर गेला, त्याचं मला काही वाटत नाही, असं म्हणणार होतो, पण वाटतं.

गेल्या रविवारी मी भाकऱ्या करायला बसलो. पीठ कमी-जास्त झालं, पहिली तव्यावर टाकतानाच चिरली, दुसरी काठानं फाटली, तिसरी कशीबशी गोल आली, फुगलीसुद्धा. ताटं मांडली. मी भाजी वाढायला वळलो तेवढ्यात तिनं गोल भाकरी माझ्या ताटात सरकवली आणि मोडकी स्वतःच्या ताटात ओढून घेतली.